‘घरचाच माल आहे, परमिट कशाला?’

कांदा आमचा, ट्रक आमचा, चालवणारही मीच. मग परमिट कशाला, असं मला आधीच वाटत होतं. दलालानं फक्त मान डोलावली. जुना सहाचाकी ६ लाख ४० हजारांना, वर ३५ हजार रोख ‘प्रायव्हेट पासिंग’चे, म्हणजे खासगी गाडी म्हणून नोंदवून द्यायचे. म्हणाला, “भाऊ, भाडं मारलं तर परमिट. घरच्या वापराला पांढरी प्लेट लावून देतो. कारचं लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय.”

कोर्टाचं नाव निघालं की आपण गप्प बसतो. निकाल आहे, नोव्हेंबर २०२४ चा, पण साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाड्यांपुरता. ट्रकच्या आरसीवर भरलेल्या गाडीचं वजन १६,२०० किलो. छापलेलंच होतं, मी वाचलं नाही.

तिसऱ्या खेपेला घाटाच्या अलीकडे आरटीओच्या वायुवेग पथकानं हात केला. साहेबांनी काही न विचारता किल्लीनं नंबरप्लेट खरवडली. पांढऱ्याखालून पिवळा रंग निघाला. माझ्याकडे बघून म्हणाले, “माल कुणाचा ते नाही बघत आम्ही. गाडी माल वाहायला बांधलीय ना? मग ती ट्रान्सपोर्टच.” मोटार वाहन कायद्याचं कलम ६६ तसंच आहे, गाडी रिकामी असली तरी परमिट लागतं. त्याचे दहा हजार, लायसन्सचे पाच. ट्रक अडकवला, कांदा भाड्याच्या टेम्पोत हलवला.

चलान गेलं मूळ मालकाच्या मोबाईलवर, कारण ट्रक अजून त्याच्याच नावावर! तासाभरात त्याचा फोन. शिव्या देऊन दमल्यावर सांगितलं की परमिट त्यानं केव्हाच सरेंडर केलंय, आणि ट्रक दलालाला दिला ४ लाख १० हजारांत. फिटनेस सर्टिफिकेटही संपलेलं होतं. ती तारीख एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला असता तर मला घरबसल्या दिसली असती.

पोलिसांत गेलो. पावती म्हणून माझ्याकडे वहीचा फाटका कागद, त्यावर ‘कागद खर्च ३५’. हजार हा शब्दसुद्धा नाही. दलालाचा फोन तेव्हापासून बंद.

आता हेवी गाडीचं लर्निंग लायसन्स काढलंय. त्याला कारचं लायसन्स वर्षभर जुनं लागतं, माझं अकरा वर्षांचं आहे. ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला, मिळाला की टेस्ट. तोवर कांदा चुलतभावाच्या छोट्या टेम्पोतून जातो. त्याचं भरलेलं वजन तीन टनांच्या आत, म्हणून परमिट लागत नाही. प्लेट मात्र त्याचीही पिवळीच.