अक्षी, फणसाड की चोडण?

हिवाळ्यात समुद्राकाठी पक्षी आणि किडे-फुलपाखरं बघायला जायचं म्हटलं की तीन नावं हटकून निघतात: अलिबागजवळचं अक्षी, मुरूडच्या अलीकडचं फणसाड अभयारण्य आणि गोव्यातलं चोडण बेट. यांतली एक जागा अंतर आणि हॉटेलचे दर बघून निवडू नका. किनाऱ्यावरचे पक्षी भरतीच्या वेळेवर चालतात, कीटक उन्हाच्या. या दोन्ही वेळा साधता येतात का, हे आधी बघा.

फक्त पक्षी हवे असतील तर अक्षीच. पण ओहोटीला जाऊ नका. रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या आसपास जातो. पाणी लांब हटतं आणि चिखल्या, तुतवार असे काठावर चरणारे पक्षी नुसते ठिपके उरतात. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी येऊन सुरूच्या बनापुढे वाळूत बसा. चढतं पाणी थवेच्या थवे तुमच्याकडे लोटत आणतं: कुरव, सुरय, नशीब असेल तर लाल चोचीचा कालवफोड्याही. त्यातही सकाळच हवी. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी त्याच पक्ष्यांच्या काळ्या आकृत्या होतात आणि एक चिखल्या दुसऱ्यापासून वेगळा काढणं अशक्य होतं.

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं. अष्टमीला उजाडायच्या आतच भरती येऊन जाते, पौर्णिमेला ती येईपर्यंत किनारा माणसांनी भरतो. म्हणून एकादशी ते त्रयोदशी, मग पक्ष शुद्ध असो की वद्य.

कीटकांच्या बाबतीत मात्र अक्षी कोरडं आहे. सुरूच्या पाचोळ्याखाली फारसं काही उगवत नाही, त्यामुळे फुलपाखरांना तिथे काम नाही. नारळी-पोफळीच्या वाड्यांत थोडंफार दिसतं, पण मालकाला विचारल्याशिवाय आत शिरू नका. (गावात जुना मराठी शिलालेख आहे, तो जाता-येता बघून होतो.)

फणसाडचं उलट. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान 1986 साली अभयारण्य झालं. इथे पहाटे उठून धावण्यात अर्थ नाही; अंग तापल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत, नऊ-साडेनऊनंतर रान जागं होतं. पाणवठ्यांच्या ओल्या चिखलावर ती क्षार शोषायला उतरतात, तिथेच ठिय्या द्या. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू निलवंत इथे दिसतं. पानं जोडून घरटी बांधणाऱ्या लाल मुंग्याही. त्या जोडणीसाठी लागणारा रेशमी धागा मुंग्या आपल्याच अळ्यांकडून काढून घेतात, हे जवळून बघण्यासारखं आहे. मात्र झाडाला टेकू नका. जानेवारीत रान सुकतं आणि फुलपाखरं रोडावतात. तेव्हा आसपासच्या आंब्याच्या मोहोराकडे वळा, त्यावर माश्यांची झुंबड असते.

चोडण मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन, पण सोबत वडीलधारी माणसं असतील तर पहिल्या. रायबंदरहून फेरीबोट, मग सलीम अली पक्षी अभयारण्यातल्या कांदळवनात होडीतून फेरी. चालणं कमी, खंड्या आणि बगळे जवळून, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे वेगळेच. किनाऱ्यावरच्यासारखे थवे मात्र इथे नाहीत, आणि कीटक म्हणाल तर मुरकुटंच जास्त भेटतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

जोडीदारांपैकी एकाला पक्षी आणि दुसऱ्याला फुलपाखरं हवी असतील तर रायगडच गाठा: मुक्काम काशीद-नांदगाव पट्ट्यात, एक सकाळ अक्षीला भरतीवर, भरती उलटली की दक्षिणेकडे गाडी काढून दुपारपर्यंत फणसाड. नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरचा मध्य, त्यात येणारी द्वादशी धरा. नाताळच्या आठवड्यात अलिबागच्या रस्त्यावर गाडी अडकली तर भरती तुमच्यासाठी थांबणार नाही.