घोट्यांवर घेतलेली परीक्षा: कडुलिंबाचं तेल, निरगुडीची धुरी आणि सिट्रोनेला

आधी निकाल सांगते, कारणं मागून. डास दूर ठेवायला, संध्याकाळी एका जागी बसून काम करणाऱ्याला खोबरेलात मिसळलेलं कडुलिंबाचं तेल पैसे वसूल करून देतं. सिट्रोनेलाचं, म्हणजे गवती चहाच्या जातीतल्या गवताच्या सुवासिक तेलाचं, रोल-ऑन देत नाही. निरगुडीची धुरी उपयोगाची आहे, पण वेळ पाळली तरच. दारातल्या तुळशीच्या कुंडीने डास हटत नाहीत. तुळस तिच्या मानासाठी असावी.

मी सांगलीत घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. गिऱ्हाईक संध्याकाळचं, आणि डासही संध्याकाळचेच. मशीनखाली अंधार, पाय पायडलवर, दोन्ही हात कापडात. डास घोट्याला बसला म्हणून हात सोडला की टीप वाकडी जाते, आणि अस्तराच्या ब्लाऊजची टीप उसवायला किती वेळ जातो ते शिवणारीलाच ठाऊक. घरात दम्याचं माणूस आहे, म्हणून कॉइल बंद. एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं 2003 सालच्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. ते वाचल्यावर उरलेलं पाकीट मी कुणाला दिलंसुद्धा नाही, फेकून दिलं.

तेल मी गणपती पेठेतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानातून आणलं. घाण्याचं, गडद तपकिरी, लसूण आणि जळक्या शेंगदाण्यासारखा वास. नुसतं अंगाला लावायचं नाही. चिकट होतं आणि काहींच्या कातडीला झोंबतं. शंभर मिली खोबरेलात दोन मिली कडुलिंबाचं तेल घालायचं. औषधाच्या बाटलीच्या खुणा असलेल्या झाकणाने हे माप नीट घेता येतं. प्रमाण माझ्या मनाचं नाही. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 1993 साली हेच दोन टक्क्यांचं मिश्रण तपासलं होतं, आणि मलेरियाच्या अॅनोफिलीस डासांपासून त्याने बारा तास संरक्षण दिल्याचं नोंदवलं होतं.

मी एकाच पायाला तेल लावून बसले. उजवा तेलाचा, डावा कोरडा. डास तेच, अंधार तोच, म्हणजे तुलना सरळ. दिवेलागणीला बसले आणि जेवायला उठेपर्यंत डाव्या घोट्यावर गांध्यांची रांग उठली होती. उजव्यावर एक, तीही पट्ट्याखाली, जिथे तेल पोचलं नव्हतं. पुढे अदलाबदल करूनही पाहिलं, तेलाच्याच पायाचा फायदा झाला. मात्र बारा तास टिकल्याचं मी म्हणणार नाही. माझ्या पायांवर घामात संध्याकाळ निघते, रात्र निघत नाही. आणि तेल लावलं तेवढ्याच जागेचं रक्षण होतं. घोटे सोडून डास कोपरावर येतो.

दोष दोन. डाग पडतो: तेलाचा हात क्रेपला लागला की पिवळट गोल उमटतो आणि गिऱ्हाइकाला तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून मी कापसाने लावते, फक्त गुडघ्याखाली, आणि नंतर हात साबणाने धुते. दुसरं, थंडीत बाटली गोठते; कोमट पाण्यात धरावी लागते. लहान मुलांच्या हाताला ही बाटली लागू देऊ नका. कडुलिंबाचं तेल पोटात जाणं तान्ह्या मुलांना घातक असतं.

निरगुडी विकत घ्यावी लागत नाही, ओढ्याच्या काठाने हवी तेवढी. पाला सावलीत वाळवायचा आणि धुपाटण्यात गोवरीच्या निखाऱ्यावर मूठभर टाकायचा. सासूबाई गोठ्यात अशीच धुरी द्यायच्या. पण धूर तो धूरच, झाडाचा असला म्हणून फुप्फुसाला गोड लागत नाही. मी माणसं बाहेर काढते, धुरी देते, मग खिडक्या उघडून धूर जाऊ देते आणि त्यानंतर बसते. कोपऱ्यात, टांगलेल्या कपड्यांमागे दडलेले डास बाहेर पडतात. तासाभराने नवे येतात, हेही खरं.

सिट्रोनेलाच्या रोल-ऑनवर सगळ्यांत जास्त पैसे गेले आणि सगळ्यांत कमी हाती लागलं. वास छान, कपड्याला डाग नाही, म्हणून मला फार आशा होती. एका ब्लाऊजच्या बाह्या जोडून होईपर्यंत ठीक. गळ्याला पट्टी लावायला घेतली की डास हजर. हे तेल झपाट्याने उडून जातं. अमेरिकेत 2002 साली झालेल्या चाचणीत सिट्रोनेलाची उत्पादनं वीस मिनिटंही टिकली नव्हती, आणि जवळपास चोवीस टक्के डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं पाच तास टिकलं होतं. घरच्या गवती चहाची पानं चुरगळून चोळली तरी तीच गत.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. माझा हा निकाल संध्याकाळच्या डासांपुरता आहे. डेंग्यूचा एडीस दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जास्त. त्याच्यासमोर मी कडुलिंबावर विसंबत नाही. पावसाळ्यात मुलगी शाळेला निघते तेव्हा तिच्या हातापायांना डीटचंच मलम लावते, आणि कुणी ‘केमिकल कशाला’ म्हणालं तर स्पष्ट सांगते की डेंग्यूशी मला प्रयोग करायचा नाही. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करते आणि आतली कड घासते. एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जगतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

तेल घ्यायचं तर पन्नास मिलीची लहान बाटलीच घ्या; घरी मिसळायला ती वर्षभर सरत नाही. ‘तयार मिश्रण’ म्हणून विकतात ते घेऊ नका, त्यात कडुलिंब किती ते कुठेच लिहिलेलं नसतं. दुकानदाराला मी बाटलीवर तेल काढल्याची तारीख टाकायला सांगितलंय. वहीत लिहून घेतलंय त्यांनी. पुढच्या बाटलीवर दिसली तर इथे कळवीन.