घड्याळ उत्तम, फर्मवेअर चढवण्याची सोय मात्र अपुरी

हे जीपीएस घड्याळ मी दोन वर्षे वापरत आहे आणि अंतर, वेग व हृदयाचे ठोके यांच्या नोंदींबाबत माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती फर्मवेअर, म्हणजे घड्याळ चालवणारे आतले सॉफ्टवेअर, अपडेट करण्याबाबत, कारण नवी आवृत्ती चढवताना घड्याळ अर्ध्यावर अडकले आणि पुढचे दोन दिवस पडद्यावर कंपनीच्या चिन्हाखेरीज काहीही दिसत नव्हते.

संगणकावरील प्रोग्राम प्रत्येक वेळी ‘अपडेट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच सांगत होता. बॅटरी कमी आहे, केबल सदोष आहे की फाइल अपुरी उतरली आहे, याचा त्यात पत्ता नव्हता. दोष निघाला चार्जिंगच्या क्लिपमध्ये. या क्लिपला चार पिना आहेत. त्यांपैकी दोन वीज पुरवतात आणि दोन डेटाची ने-आण करतात. घामाचे क्षार साचल्यामुळे डेटाच्या पिना नीट टेकत नव्हत्या, विजेच्या मात्र टेकत होत्या, त्यामुळे घड्याळ व्यवस्थित चार्ज होत असे आणि केबलवर संशय घेण्याचे मला सुचलेच नाही. मऊ ब्रशला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना व घड्याळामागचे धातूचे ठिपके पुसले, पूर्ण वाळू दिले आणि यूएसबी हब वगळून केबल थेट संगणकाला जोडली.

तरीही घड्याळ सुरू होईना, कारण मुख्य फर्मवेअर अर्धवट लिहिले गेले होते. अशा वेळी बूटलोडर, म्हणजे मुख्य फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, कामी येतो. तो मेमरीच्या वेगळ्या भागात असतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये सहसा त्याला हात लागत नाही, म्हणून बंद पडलेले घड्याळ बहुधा कायमचे गेलेले नसते. या मॉडेलमध्ये एक बटण दाबून धरत केबल जोडली की बूटलोडर सुरू होतो आणि संगणक घड्याळ ओळखतो. माहितीपुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही, आणि माझ्या मते ही या उत्पादनातील सर्वांत मोठी उणीव आहे. त्यानंतर फाइल पुन्हा उतरवून घेतली, तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली आहे का हे पडताळण्याचा अंक) जुळवून पाहिला आणि मगच ती चढवली; घड्याळ आपोआप दोनदा रीस्टार्ट होईपर्यंत केबलला हात लावला नाही.

अपडेटनंतर पहिल्यांदा उपग्रह सापडायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. साठवलेली कक्षांची माहिती पुसली गेल्याने घड्याळाला ती थेट उपग्रहांकडून घ्यावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला अवघ्या 50 बिटच्या गतीने पाठवतात. तेव्हा मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटे स्वस्थ उभे राहावे. एवढी कटकट असेल तर अपडेट टाळावेच, असे वाटू शकते, पण 6 एप्रिल 2019 रोजी जीपीएस ज्या आठवड्यांच्या क्रमांकावरून तारीख सांगते ती 1024 आठवड्यांची मोजणी पुन्हा शून्यावर आली, तेव्हा फर्मवेअर न बदललेली काही जुनी उपकरणे सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवू लागली होती.

घड्याळ परत मिळाले, परंतु सिंक न केलेल्या तीन धावांच्या नोंदी गेल्या. अपडेटपूर्वी त्या फाइलींची प्रत संगणकावर काढून ठेवण्याची सूचना प्रोग्रामने एकदाही दिली नाही.