झोपाळ्यावर बसलं की आकडे वाढतात

आईला पक्षाघाताचा झटका येऊन सहा महिने झाले. उजवी बाजू गेली होती. पाय सावरला, हात मागे राहिला. फिजिओ मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही मनगटावर बांधायचे हालचाल मोजणारे सेन्सर दोन महिने भाड्याने आणले. महिना २४०० रुपये, अनामत वेगळी.

दोन्ही मनगटांना एकेक पट्टा. आतला ॲक्सेलरोमीटर हाताचे हिसके टिपतो, जायरोस्कोप वळणं. माणूस उजवा असो वा डावरा, धडधाकट असेल तर दिवसभरात त्याचे दोन्ही हात जवळपास सारखेच हलतात. आईच्या डाव्या हाताच्या १०० हालचालींमागे उजव्याच्या निघाल्या ३१.

आम्ही चाटच पडलो. कारण मॅडमसमोर ती हात डोक्यापर्यंत नेते! पक्षाघातानंतर हात किती सावरला हे मोजणाऱ्या फुगल-मायर तपासणीत हाताला ६६ पैकी ४४ गुण होते. पण मॅडमची पाठ वळली की चहाचा कप, रिमोट, जपमाळ, सगळं डाव्या हातात. हात चालतो, पण ती तो चालवत नाही. मॅडम म्हणाल्या, हे खूप पेशंटचं होतं, वापरायचं नाही ही सवयच लागते. हे एवढं कळलं, त्यातच माझे पैसे वसूल झाले. दुसऱ्या दिवसापासून रिमोट उजवीकडे, आणि दुपारी ओल्या शेंगा सोलायचं काम आईकडे.

आता तक्रारी. आईने वाटीभर दाणे सोलले, पट्ट्याला पत्ताच नाही! मनगट स्थिर आणि बोटं चालू असली की त्याला काही कळत नाही. उलट चालताना नुसता लोंबता हात हलला तरी ती हालचाल धरतो. वेल्क्रो एका हाताने लावता येत नाही; ज्यांच्यासाठी वस्तू केली त्यांचा एकच हात चालतो, हे बनवणाऱ्याला सुचू नये? ॲप फक्त इंग्रजीत. अनामत परत मिळवायला पाच फोन करावे लागले.

घ्यायचंच तर एक महिना घ्या, आणि शेजारी वही ठेवा. एका रविवारी आमचा आकडा एकदम ५८ वर गेला. वहीत मावशीच्या अक्षरात ‘४ ते ६ झोपाळा, दोघी’ असं लिहिलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी पेढे आणायला निघालोच होतो.