‘ब्रीडिंगला तयार मादी’ घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

माझ्या ओळखीत कोल्हापुरात बॉल पायथन जातीचे साप पाळणारे चार-पाच जण आहेत. दिवाळी जवळ आली की आमच्यात एकच विषय असतो, यंदा जोडी लावायची का? म्हणून हे आत्ताच लिहितोय. गेल्या वर्षी याच दिवसांत माझे ४५ हजार रुपये गेले. पैशापेक्षा जास्त लागलं ते हे, की माझ्या हातानं दोन मुक्या जिवांचे हाल झाले.

माझा पाइड नर चार वर्षांचा आहे. पाइड हा रंगाचा प्रकार. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं असलेला, हातात घेतलं की गोळा होऊन बसणारा. त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद आहे. त्याच्यासाठी मादी घ्यायची म्हणून मी श्रावणापासून तयारीला लागलो. उद्यमनगरातून सापांचे डबे ठेवायचा रॅक करून घेतला, प्रत्येक डब्याला वेगळा थर्मोस्टॅट लावला. दिवसा गरम बाजू ३२ अंशांवर आणि रात्री थोडी उतरती, असं महिनाभर बसवत होतो. अंड्यांसाठी थर्मोकोलची पेटी आणि त्यात ओलावा धरून ठेवणारं व्हर्मिक्युलाइटसुद्धा आणून ठेवलं. तयारी एवढी केली, आणि मादी मात्र व्हॉट्सॲपवर बघून घेतली.

विकणारा दुसऱ्या शहरातला. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळाला. बोलायला इतका गोड, की पहिल्या दिवसापासून ‘दादा’ आणि ‘घरचा माणूस’. म्हणाला, साडेतीन वर्षांची मादी आहे, १६२० ग्रॅम, हेट पाइड, मागच्या हंगामात सहा अंडी दिलेली. काट्यावर ठेवलेला व्हिडिओही पाठवला.

मादी दीड किलोच्या खाली असेल तर जोडी लावू नये, हे मला माहीत होतं. अंडी घालताना ती महिनोन्‌महिने खात नाही, अंगात साठा नसेल तर खंगते. म्हणून आकडा बघितला आणि निश्चिंत झालो. पण आज तोच व्हिडिओ बघितला की मधला फुगवटा स्पष्ट दिसतो. मोठे उंदीर चारून चोवीस तासांच्या आत तिला काट्यावर ठेवलेलं. घरी आल्यावर माझ्या काट्यावर १५५५ भरलं. प्रवासात थोडं उतरलं असेल, म्हणून सोडून दिलं. दोनदा शी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात आकडा १३८५ वर आला. पाठीवर हात फिरवला तर कण्याची धार बोटाला लागत होती. कुणी एका वजनाचा व्हिडिओ पाठवला तर त्याला सहा महिन्यांची वही मागा: कधी खाल्लं, कधी कात टाकली, दर महिन्याला किती भरलं. जो खरंच पैदास करतो त्याच्याकडे ही वही असतेच. माझ्याकडे एका नराची आहे, मग त्याच्याकडे मादीची का नसावी, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

‘हेट पाइड’ हा शब्द तर मला साध्या बॉलच्या जवळपास दुप्पट भावाला पडला. हेट म्हणजे पाइडचं जनुक अंगात आहे, पण एकच, त्यामुळे दिसायला साप साधाच. आई-बापापैकी एक पाइड असल्याचा पुरावा नसेल, तर तो शब्द नुसता तोंडचा आहे. खरं-खोटं पिल्लं निघाल्यावर कळणार, म्हणजे कितीतरी महिन्यांनी. तोवर विकणाऱ्याचा नंबर तरी चालू असतो का? मी आई-बापाचे फोटो मागितले तेव्हा ‘हार्ड डिस्क उडाली’ म्हणाला. तिथंच थांबायला हवं होतं.

पार्सल आलं कावळा नाक्यावर, पहाटे साडेपाचला, खाजगी बसनं. थर्मोकोलच्या खोक्यावर स्केच पेननं ‘काचेचे सामान’ लिहिलेलं. ते वाचूनच पोटात गोळा आला होता, तरी मी ते खोकं घेतलं. ही चूक माझी आहे आणि ती लपवत नाही.

त्या दिवशी त्याचा तीनदा फोन आला. ‘दादा, वेगळं ठेवत बसू नका, सीझन निघून जाईल. आजच नराजवळ सोडा.’ नवीन साप किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांवर ठेवायचा असतो, हे मी स्वतः चार लोकांना सांगितलेलं आहे. पण घाई डोक्यात शिरली. आठच दिवसांत सोडलं.

त्यानंतरचं लिहायला जड जातंय. नर मादीच्या अंगावर शेपटीनं गुंडाळा घेतो आणि तासन्‌तास दोघं शांत पडून राहतात, तसं काहीच नाही. दोघंही मान उचलून एकमेकांना खाली दाबत होते. मला वाटलं, मादी तयार नाही. तीन दिवस ठेवलं, काढलं, पुन्हा सोडलं. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते. त्या थंडीत मी रात्री दोन-दोनदा उठून डबे बघायचो. एका रात्री टॉर्च मारला तर पाण्याच्या भांड्यात मिरपुडीसारखे काळे ठिपके. बोटावर घेतले तर चालायला लागले. माइट्स, सापाचं रक्त पिणारे बारीक किडे! माझ्या नराच्या डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या घडीतही तेच. चार वर्षांत त्याच्या अंगावर एक किडा नव्हता.

आईनं विचारलं, ‘त्येला खाज सुटलीया व्हय रं? सारखा पाण्यातच बसतोय.’ मला उत्तर देता आलं नाही.

पुण्याला सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेले एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे दोघांना नेलं. माइट्सचं औषध लिहून देता देता ते सहज म्हणाले, ‘ही मादी आहे हे कुणी ठरवलं?’ शेपटीच्या मुळाशी असतात त्या दोन नख्या बारीक आहेत म्हणून, मी म्हणालो. नख्यांवरून खात्री देता येत नाही, एवढंच ते बोलले. मग त्यांनी बोथट टोकाची स्टीलची सळी वंगण लावून शेपटीच्या बाजूनं हलकेच आत घातली. मादी असेल तर दोन ते चार खवल्यांइतकीच जाते. डॉक्टर पुटपुटत खवले मोजत होते. पाच. सहा. सात. आठ. नऊवर सळी थांबली.

नर. सहा अंडी दिलेला नर!

ही तपासणी घरी करू नका, चुकीचा दाब पडला तर आतून जखम होते. डॉक्टरांकडून करून घ्या, आणि पैसे देण्याआधी करून घ्या. विकणारा ‘येताय तर या, तुमच्यासमोर तपासू’ म्हणाला नाही, तर व्यवहारच सोडा.

फोन केला तेव्हा तो जराही गडबडला नाही. उलट शांतपणे म्हणाला, ‘करा की तक्रार. आधी तुमच्याकडचे कागद मागतील.’ त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे, हे मला तेव्हा समजलं. बॉल पायथन मूळ आफ्रिकेतला, आपला अजगर नव्हे. पण वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि त्यात असे परदेशी प्राणीही आले. २०२४ साली नोंदणीचे नियम निघाले. प्राणी ताब्यात असला तर नोंद, हस्तांतर झालं तर नोंद, पिल्लं झाली तरी नोंद. त्यानं मला प्रमाणपत्राचा फोटो पाठवला होता आणि ‘ट्रान्सफर पंधरा दिवसांत करतो’ म्हणाला होता. नीट मोठा करून बघितला तर ते प्रमाणपत्र बनाना नावाच्या पिवळट रंगप्रकाराच्या, दुसऱ्याच सापाचं. मी पैसे देताना तो फोटो उघडून वाचलासुद्धा नव्हता.

तो वर्षभर माणसं फसवू शकतो, कारण फसलेला माणूस घाबरून गप्प बसतो. मीही दीड महिना गप्प होतो. मग एका वकील मित्राला सगळं सांगितलं. त्यानं आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर यूपीआयच्या व्यवहाराची तक्रार नोंदवायला लावली. उशीर झाल्यामुळे पैसे अडवता आले नाहीत. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच तासाला फोन करा. मग वनविभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. बस, खोकं, फोटो, चॅट, काहीही न लपवता. माझ्यावरही कारवाई होऊ शकते, हे वकिलानं आधीच सांगितलं होतं. जबाब झालाय, पुढचं चालू आहे.

दोघंही नर आता बरे आहेत, वेगवेगळ्या खोल्यांत. नव्या सापानं परवा आठवड्याचा उंदीर न कुरकुरता घेतला. अर्ज भरताना मी सवयीनं लिंगाच्या रकान्यात ‘मादी’ लिहिलं होतं. समोरच्या बाईंनी खोडाखोड चालणार नाही म्हणून नवा कागद दिला, आणि मी सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहिलं.