२३ लिटरचं प्रेशर बॅरल: पुण्याच्या हवेत घ्यावं का?

घरगुती बिअरच्या किटची (तयार माल्ट-अर्काच्या डब्याची) एक बॅच बाटल्यांत भरायची म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४६ बाटल्या. त्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, प्रत्येकीत साखर मोजून घालायची आणि बुचं मारायची. प्रेशर बॅरलमध्ये हे सगळं एकाच भांड्यात उरकतं. बिअर त्यातच मुरते, त्यातच निवळते आणि तोटी उघडली की पेल्यात येते. वस्तू साधी आहे, टिकाऊ आहे, आणि तिच्यावरचा विश्वास योग्य ठिकाणी ठेवला तर फसवत नाही. पण ती ब्रिटनमधल्या १२-१३ अंशांच्या तळघरासाठी घडवलेली आहे. पुण्यात नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती छान चालते. मार्च ते जून मात्र गारव्याची वेगळी सोय नसेल तर बॅरल घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

कायद्याचं आधी सांगितलेलं बरं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणं, अगदी घरी पिण्यापुरतीही, १९४९च्या मद्यनिषेध कायद्याखाली गुन्हा आहे. ब्रिटनने घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ साली काढून टाकली आणि तिथल्या स्वयंपाकघरांत ही बॅरलं शिरली. आपल्याकडे तसं झालेलं नाही. तेव्हा पुढचा मजकूर परवाना असलेल्यांनी, छोट्या चाचणी-बॅच लावणाऱ्या मायक्रोब्रुअरीवाल्यांनी आणि मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी कामाला लावावा.

बॅरल म्हणजे जाड प्लास्टिकचं, साधारण २५ लिटरचं गोल पिंप. खाली तोटी, वर आट्यांचं झाकण, झाकणाखाली रबरी वॉशर आणि झाकणाच्या मधोमध पितळी किंवा स्टीलचा व्हॉल्व्ह. तोंड दोन मापांत येतं, २ इंची आणि ४ इंची. थोडे पैसे जास्त पडले तरी ४ इंचीच घ्यावं. त्यात हात कोपरापर्यंत जातो आणि तळाचा साका स्पंजने पुसता येतो. २ इंची तोंडाच्या बॅरलमध्ये वरच्या खांद्याच्या आतली कड कधीच नीट दिसत नाही, आणि बिअर आंबूस होण्याची सुरुवात नेमकी तिथून होते.

सगळ्यात हुशार भाग व्हॉल्व्हचा. त्याच्या बाजूला एक बारीक भोक असतं आणि त्यावर रबराची घट्ट पट्टी चढवलेली असते. आतला दाब साधारण १० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) वर गेला की गॅस पट्टीला किंचित उचलून बाहेर पडतो. दाब उतरला की पट्टी पुन्हा चिकटून बसते. सायकलच्या जुन्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी ज्यांनी कधी बदलली आहे त्यांना हे तत्त्व लगेच कळेल, फक्त इथे वाट उलटी, आतून बाहेर. मात्र सायकलची नळी इथे चढवू नका. ती किती दाबाला उघडेल याचा भरवसा नाही, आणि हा व्हॉल्व्ह वेळेवर उघडला नाही तर त्याचं काम पिंपाच्या भिंतींवर येतं. पट्टी बोटाने ताणून पाहा: बारीक भेगा दिसल्या किंवा चिकट लागली तर मूळ मापाचीच नवी घाला. पुण्याच्या उन्हाळ्यात रबर लवकर सुकतं, म्हणून वर्षातून एकदा बदलावीच.

आता ज्यावरून बहुतेकांची निराशा होते तो भाग. १ लिटर बिअरमध्ये किती लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळला आहे ते मोजायचं माप म्हणजे 'व्हॉल्यूम'. बॅरल १० पीएसआयच्या वर दाब धरत नाही, म्हणजे गॅस किती विरघळणार हे फक्त तापमान ठरवतं. त्या दाबाला १२ अंशांवर बिअर सुमारे १.९ व्हॉल्यूम धरते, २० अंशांवर १.५ आणि ३० अंशांवर जेमतेम १.१. बाटलीतल्या लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या फिक्या बिअरमध्ये, साधारण २.५ असतो. एप्रिलमध्ये सदाशिव पेठेतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलेल्या बॅरलमधून मचूळ, बिनजोराची बिअर येते ती याच कारणाने. बॅरलात दोष नसतो, किटमध्येही नसतो. ज्या साखरेपासून यीस्ट हा गॅस करतं ती वाढवूनही उपयोग नाही. जादा गॅस पट्टीखालून सुस्कारा टाकत निघून जातो.

म्हणून साखर ऋतू पाहून घालावी. किटच्या माहितीपत्रकात बाटल्यांसाठी दिलेलं प्रमाण बॅरलला कधीच लावू नये. २३ लिटरला हिवाळ्यात, खोली २० अंशांच्या आसपास असताना, ८० ग्रॅम साधी साखर पुरते. खोली २७-२८ अंशांवर असेल तर ५० ते ६० ग्रॅमच. साखर २०० मिली पाण्यात उकळून, गार करून, आधी रिकाम्या बॅरलमध्ये ओतायची आणि वरून बिअर सोडायची, म्हणजे ढवळावं लागत नाही. ढवळलं तर हवा मिसळते आणि महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

त्याआधी आंबणं खरोखर संपलंय का ते पाहा. दिवस मोजू नका, बुडबुडे थांबले म्हणजे संपलं असंही धरू नका. हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीचं) वाचन सलग ३ दिवस तेच आलं पाहिजे; बहुतेक किट १.०१० च्या आसपास थांबतात. ग्रॅव्हिटीचा, म्हणजे या वाचनाचा, एक पॉइंट (०.००१) उरला तर तो या मापाच्या बॅचमध्ये जवळजवळ ५० ग्रॅम साखरेइतका असतो. तीन पॉइंट शिल्लक असताना बॅरल भरलं आणि वर ८० ग्रॅम घातली, तर व्हॉल्व्ह दिवसभर फुसफुसत राहील आणि तोटी उघडली की नुसता फेस येईल.

भरताना सायफनची नळी थेट तळाशी टेकवा, खळखळाट होऊ देऊ नका. वर दोनएक लिटर जागा मोकळी राहिली पाहिजे. आणि भरण्याआधीच बॅरल त्याच्या कायमच्या जागी ठेवा: स्टूल किंवा ओट्याच्या कडेला, तोटीखाली पेला सरळ मावेल अशा उंचीवर. भरलेलं बॅरल २५ किलोच्या आसपास जातं. नंतर उचललंत तर बसलेला साका पुन्हा वर येतो आणि आठवडा वाया जातो.

गळती हे या वस्तूचं जुनं दुखणं, आणि दहांतल्या आठ वेळा ती झाकणाची असते. गॅस निसटू नये म्हणून माणूस झाकण जोर लावून आवळतो. तिथेच चुकतं. चपटा वॉशर जास्त दाबला की एका बाजूने सुरकुतून बाहेर सरकतो, आणि जिथे तो सरकला तिथून गॅस निघतो. वॉशरला फूडग्रेड सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, झाकण हाताने बसेल तितकंच फिरवा आणि मग फक्त थोडं आवळा. पाना लावायची वेळ आली तर वॉशर बदला. व्हॅसलीन अनेक जण लावतात, चालतंही, पण नैसर्गिक रबर त्याने हळूहळू फुगतं आणि मऊ पडतं. आम्ही सुचवणार नाही. तोटीचा वॉशर बॅरलच्या बाहेरच्या बाजूने बसतो की आतल्या, हे त्या त्या तोटीबरोबरच्या चित्रात पाहा. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून फायदा होत नाही, कारण पाणी अडवायचं काम वॉशरचं आहे, आट्यांचं नाही.

नवं बॅरल आणलं की आधी चाचणी घ्या. २ लिटर पाणी घालून झाकण लावा, ८ ग्रॅमचा एक बल्ब (कार्बन डायऑक्साइड भरलेली धातूची छोटी कुपी) टोचा आणि झाकण, व्हॉल्व्ह, तोटी या तिन्ही ठिकाणी भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावा. रिकाम्या बॅरलमध्ये एका बल्बने जेमतेम ३ पीएसआय चढतो, पण गळती दाखवायला तेवढा पुरे. बारीक बुडबुड्यांची माळ दिसली की जागा सापडली. मग बॅरल उलटं करून रात्रभर ठेवा. सकाळी खाली ओल नसेल तरच त्यात बिअर भरा.

भरल्यावर २ ते ४ दिवस २० अंशांच्या आसपास, आणि त्यानंतर मिळेल तितक्या गारव्यात किमान दोन आठवडे. फिक्या बिटरला तीन, काळ्या स्टाउटला सहा आठवडे दिले तर चव गोलाई धरते. पहिला पेला गढूळ येणारच; तोटी तळापासून दोन-तीन सेंटीमीटरच वर असते आणि तिच्या तोंडाशी साका जमतो. तो ओतून टाका. दुसऱ्या पेल्याला तोटी अर्धवट उघडली तर फेस उसळतो, कारण अरुंद फटीतून बिअर वेगाने फुटते. तोटी एकदम पूर्ण उघडा आणि पेला तिरका धरा.

पहिले ७-८ लिटर आतल्या दाबावरच येतात. मग धार बारीक होते आणि पुढे तोटीतून हवा आत शिरल्याचा 'गुडूप' असा आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत थांबायचं नाही. आत गेलेली हवा बिअर शिळी करते, आणि त्यातल्या जिवाणूंना व्हिनेगर करायला आठवडाही लागत नाही. धार बारीक झाली की गॅस द्यायचा. झाकण दोन प्रकारचं मिळतं: एकात ८ ग्रॅमचा छोटा बल्ब टोचायची सोय, दुसऱ्यात एस-३० व्हॉल्व्ह, त्यावर भरून आणायचा सिलिंडर आट्यांनी बसतो. एस-३०चे सिलिंडर इथे भरून घेणं जिकिरीचं, म्हणून पुण्यासाठी बल्बचंच झाकण घ्यावं. सोडा सायफनचे बल्ब चालतात. क्रीम फेटायचे बल्ब हुबेहूब तसेच दिसतात, पण त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. खोक्यावरचं नाव वाचल्याशिवाय घेऊ नका. विमानाच्या सामानातून बल्ब आणायच्या भानगडीतही पडू नका.

८ ग्रॅम म्हणजे साध्या दाबाला चार-साडेचार लिटर गॅस. बॅरल भरलेलं असताना टोचला तर वरच्या दोन लिटर जागेत तो मावत नाही आणि बराचसा पट्टीखालून निघून जातो. १० लिटर रिकामं झाल्यावर टोचला तर तोच बल्ब ६ पीएसआयपर्यंत दाब चढवतो. एका बॅचला ४-५ बल्ब धरून चाला. टोचताना धातू इतका थंड होतो की पट्टी काही क्षण ताठरते, हळूहळू सोडा.

गारव्याचं काय करायचं? कप्पे काढलेला जुना, चालू फ्रीज सगळ्यात चांगला. तपकीर गल्लीत मिळणारा साधा डिजिटल थर्मोस्टॅट लावून तो १२ अंशांवर ठेवला की बॅरल बारा महिने वापरता येतं. ते जमत नसेल तर बॅरल पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, माठातल्या पाण्यासारखीच बिअरही निवते. जूनच्या मध्यात पाऊस सुरू झाला की हवेत दमटपणा येतो आणि हा उपाय बंद पडतो; तेव्हा टबात बर्फाच्या बाटल्या फिरवाव्या लागतात, सकाळी दोन, रात्री दोन.

धुण्याचं थोडक्यात. उकळतं पाणी कधीही ओतू नका, तळ फुगतो आणि बॅरल डुलायला लागतं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर, मग स्वच्छ धुऊन निर्जंतुक करणं. तारेची घासणी नको, ओरखड्यांत जंतू घर करतात. ब्लीच वापरलंत तर क्लोरिनचा वास पूर्ण जाईपर्यंत उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. उरलेला क्लोरिन माल्टशी मिळून औषधासारखी चव देतो. प्रत्येक वेळी तोटी सुटी करा. तिच्या आत साचलेला बिअरचा थेंब पुढची बॅच नासवायला पुरेसा असतो.

यात काय भरावं? बिटर, माइल्ड, पोर्टर, स्टाउट असे ब्रिटिश धाटणीचे प्रकार. कमी गॅसवर त्यांची माल्टची चव उलट खुलते. लागर आणि गव्हाची बिअर यात भरू नका, त्यांना हवा तेवढा गॅस हे भांडं कधीच देऊ शकणार नाही. त्या बाटलीतच ठेवा. साठवणही मर्यादित: प्लास्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो. १२ अंशांवर तीन महिने ठीक, २५च्या वर सहा आठवड्यांत संपवावी. ऊन लागू देऊ नका, विशेषतः पांढऱ्या बॅरलला.

बॅरलबरोबरच झाकणाचे दोन वॉशर, व्हॉल्व्हच्या चार पट्ट्या आणि तोटीचा एक वॉशर मागवून ठेवा. बोहरी आळीत ओ-रिंग आणि रबराचे वॉशर नाना मापांचे मिळतात, तोटीचं भागून जातं. जुना वॉशर नमुना म्हणून खिशात घेऊन जा आणि फूडग्रेड आहे का ते विचारा. झाकणाचा चपटा वॉशर आणि व्हॉल्व्हची पट्टी मात्र मूळ कंपनीचीच लागते.