व्हॅनमधला इन्व्हर्टर, दिवाळीपासून वापरून: मशीन चांगलं, अर्थिंगच्या नावाने बोंब

१५०० वॅट, १२ व्होल्ट, प्युअर साइन वेव्ह (म्हणजे घरच्या लाइनीसारखाच एसी देणारा). सगळे घेतात तसलाच, त्यामुळे स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीट काढून झोपायची गाडी केलीय, तोरणमाळ, पाल, उनपदेव असं फिरणं चालू असतं. फ्रिज, पंखा, चार्जिंग सगळं मस्त चालतं. माझं भांडण आहे ते इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूच्या अर्थिंगच्या स्क्रूवरून.

सारंगखेड्याच्या यात्रेत, पहाटेची थंडी, बायकोने चहाला किटली लावली. एक हात स्टीलच्या किटलीला, दुसरा सरकत्या दाराच्या हँडलला, आणि ओरडलीच, "अहो, झिणझिण येतंय!" टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतोय. घरी असं दिसलं तर आपण न्यूट्रल गेला म्हणतो, पण अशा इन्व्हर्टरचं आउटपुट कशालाच बांधलेलं नसतं, दोन्ही तारा बॉडीच्या मानाने साधारण ११५-११५ व्होल्टवर तरंगतात. म्हणजे टेस्टर पेटण्यात नवल नाही. किटलीची अर्थ पिन जाते इन्व्हर्टरच्या डब्याला आणि डबा ठोकलाय प्लायवूडवर, गाडीच्या पत्र्याशी त्याचा संबंधच नाही. स्क्रू मोकळा, त्याला तारच नाही!

फिटिंगवाल्याला फोन केला तर म्हणे, "चाली ऱ्हायनं ना भाऊ, मंग?" वर ज्ञान, की गाडीचे टायर रबराचे, अर्थिंग लावणार कुठे. अरे बाबा, गाडीत चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, हीच जमीन, एवढं तरी माहीत पाहिजे ना पैसे घेताना. मग म्हणतो आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवलाय, टेस्ट बटण दाबून बघा, पडतो की नाही. पडतो ना. ते बटण आतल्या रेझिस्टन्समधून फेज-न्यूट्रलमध्येच करंट सोडतं, त्याला अर्थिंग लागतच नाही. पण न्यूट्रल चासीला जोडलेला नसेल तर फेज बॉडीला लागला तरी करंटला परतीची वाटच नाही, मग आरसीसीबी पडणार कशाने? तिथेच चिडून दोन स्टार ठोकून मोकळा झालो होतो.

नंतर भुसावळला एका रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांनी बघितलं. चासीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, १६ स्क्वेअर एमएमची हिरवी तार, तारेच्या टोकाला दाबून बसवलेला (क्रिम्प केलेला) लग, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. झिणझिण बंद. माल काय लागला, हातभर तार आणि दोन लग, त्यासाठी इतके दिवस फोनवर घसा कोरडा केला!

न्यूट्रल मात्र काकांनी लगेच चासीला जोडू दिला नाही. काही स्वस्त मॉडेलमध्ये न्यूट्रल अर्थला बांधला की मशीनच उडतं, आधी कंपनीला विचार म्हणाले. कंपनीने मेलवर लगेच कळवलं की या मॉडेलला चालतं, सोबत सर्किटचं चित्र. हे अनपेक्षित होतं, म्हणून स्टार वाढवले. न्यूट्रल-चासीचा जोड दिलाय चेंजओव्हरच्या (इन्व्हर्टर की बाहेरची लाइन ते निवडायच्या स्विचच्या) इन्व्हर्टरकडच्या बाजूला, आणि चेंजओव्हर दोन पोलचा, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा. घरी महावितरणच्या लाइनीवर गाडी लावली की न्यूट्रल-अर्थचा जोड तिकडे असतोच, गाडीतही राहिला तर घरचा आरसीसीबी पडत बसेल.

डीसी वायरिंगची वेगळीच कथा. किटली लावली की बॅटरी फुल असून लो बॅटरीची पीं-पीं. १२०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ११० अँपिअरच्या घरात, आणि फिटिंगवाल्या भाऊने टाकली होती १६ स्क्वेअर एमएमची तार, जाऊन-येऊन सहा मीटर. पाऊण व्होल्ट तारेतच खपतो, आणि बॅटरी घरचीच जुनी ट्युबलर, लोडवर तिचा व्होल्टेज आधीच बसतो. आता ५० स्क्वेअर एमएम वेल्डिंग केबल आहे, बॅटरीच्या प्लसला लागून २०० अँपिअरचा फ्यूज, जो आधी नव्हताच. पीं-पीं गेली.

एक स्टार कापलेलाच राहील, हिरवी तार खोक्यातच द्यायला कंपनीला काय धाड भरते? आणि मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात सीटखाली हा इन्व्हर्टर तापून किटलीच्या लोडवर बंद पडतो. कोणी बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला असेल तर भोक कुठे पाडलं ते सांगा, पावसाचं पाणी आत नको यायला.